क्रिकलवुडचा कोपरा

पहाटे सहाला इथे माणसं उभी राहायची,
मेयोची, स्लायगोची; खिशात हात, तोंडातून वाफ.
व्हॅन यायची. मुकादम बोट नाचवायचा:
तू, तू, तू नाही.

जार्लथ हेनेगन बहुतेक वेळा 'नाही'मध्ये,
डावा खांदा उतरलेला म्हणून.
मग चर्चच्या पायरीवर बसून पत्र:
काम झकास आहे, आई. उन्हाळ्यात येतो.
असे एकोणतीस उन्हाळे.

आता तिथे मोबाईलचं दुकान आहे,
रोमानियाची पोरं उभी असतात तशाच व्हॅनसाठी,
आणि जार्लथने खणलेल्या चरातलं पाणी
अजून गल्लीभर नळांना येतं.

खोली रिकामी करताना मिसेस गिलहूलीला
पलंगाखाली बॅग सापडली, भरलेली, पट्टा आवळलेला.
आत आईसाठी शाल.
किमतीची चिठ्ठी अजून शिलिंगांत.