नग एक

रविवारी जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या
आणि बंद पडलेल्या व्होल्टमीटरच्या मधे
शब्बीरने मांडला होता खोका.
झाकणावर निळी लांबलचक गाडी, मागे माशासारखे कल्ले,
आणि खाली असा रस्ता, की एक खड्डा नाही.
"हलवून बघा काका, माल पूर्ण आहे."
मी हलवला. आवाजात एक चाक कमी होतं.

ते मला ऐकू येतं. बत्तीस वर्षं भोसरीत
शाम्पूच्या झाकणांच्या डाय बनवल्यात मी.
एका शॉटला सोळा झाकणं, दिवसाला किती
ते घरी कधी सांगितलं नाही.
कुणी विचारलंही नाही म्हणा.

पेपर पसरून सगळं काढलं.
दार, बंपर, आरसे, नखाएवढं स्टिअरिंग,
अजून काड्यांना लटकलेले, न उतरवलेल्या कैऱ्यांसारखे.
छताच्या आतून इजेक्टर पिनचा गोल ठसा, मसुराएवढा.
इथून ढकललं होतं हिला साच्याबाहेर.
तो साचा ज्याने घासला तो माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही,
पण बंपरच्या कडेला त्याचा हात घाईत होता.
शनिवार असेल. किंवा पोरगी तापलेली.
बाकी सगळीकडे, बाप माणूस.

सूचनांचा कागद घडीवर फाटलेला.
कोपऱ्यात पेन्सिलीने: केर्सी, इयत्ता सहावी, ईस्ट स्ट्रीट, १९६४.
पायरी एक ते अकरा, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण,
आधी ठसठशीत, मग नुसती ओढलेली.
बारावीपुढे काही नाही.

काय झालं रे केर्सी? परीक्षा आली?
गोंदाची नळी वाळली?
मामाने सायकल घेऊन दिली?
वाईट काही मी मनात आणलं नाही.
आणलं, पण पुढे नेलं नाही.

समोरच्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा.
गोंदाने प्लास्टिक विरघळलं आणि त्यात तो उतरला,
रेष न् रेष.
त्या दुपारी मी शिरूरला
तुटक्या स्लिपरची चाकं कापत असणार, ब्लेडने,
एकही धड गोल न येणारी.

काच घासायला बारीक पॉलिश पेपर भिजत घातला.
तो तसाच राहिला. संध्याकाळी कुंदा म्हणाली,
"ह्या वाटीत काय आहे? मला विरजण लावायचंय."

बारावी पायरी मी केली. मग तेरा, चौदा.
एका चष्म्यावर दुसरा चष्मा, हातात चिमटा,
श्वास रोखून.
"इतकं निरखून कधी माझ्या मिक्सरकडे बघितलं नाहीत."
मागच्या दिव्यांना तिचंच नेलपॉलिश लावलं, लाल.
ते अजून सांगितलेलं नाही.

राहिलं चाक.

बसने भोसरी. जुन्या शॉपमध्ये माझ्या लेथवर
आता गव्हाण्यांचा पोरगा, एका कानात गाणी.
त्याला काळ्या नायलॉनचा तुकडा दिला, हाताने काढलेलं ड्रॉइंग दिलं,
टॉलरन्ससकट.
त्याने सवयीने वही उघडली.
"काका, नग किती?"

हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेला
आणि उत्तरात कधी पाचपेक्षा कमी शून्यं नव्हती.
"एक."
"एक लाख?"
"एक."
कॉम्प्रेसर सुरू झाला, म्हणून पुन्हा सांगावं लागलं,
बोट वर करून, शाळेत करतात तसं.

गाडी आता फ्रिजवर उभी आहे.
चौथं चाक बाकी तिघांपेक्षा जरा जास्तच काळं.
धूळ झटकताना कुंदा काचेपाशी थांबते,
पदराने पुसून बघते, पुन्हा पुसते.
"कुणाचा तरी हात लागलाय हो ह्याला."
लागू दे, म्हणतो मी.