चाकांची संख्या

फॉर्मातला चौथा रकाना : चाकांची संख्या.
मी शून्य टाकलं.
कॉम्प्युटरनं लाल अक्षरात सांगितलं, किमान दोन.

विश्रामबागच्या ऑफिसात अठरा वर्षं मी नुकसान मोजतोय.
पुराच्या वर्षी पेठेतल्या भिंतींना टेप लावून
पाणी कुठवर चढलं ते लिहिलं,
हळदीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
भिजलेली किती, कुजलेली किती, ते सांगितलं.
पण बर्फ?
बर्फ मी रसवंतीत पाहिलाय, गोणपाटाखाली,
आणि एकदा मिरजेच्या सिव्हिलच्या मागच्या दारात
वडिलांच्या भोवती.

विमाधारक : द्रौपदा रामहरी बाबर, वय एकसष्ट, मु. पो. लेंगरे.
मुलगा जम्मूला गलाईच्या दुकानात.
त्यानं आईला गुलमर्ग दाखवलं.
स्नोमोबाईल, भाड्याची, अर्ध्या तासाची.
देवदाराच्या झाडाला धडक.
पुढची पट्टी वाकली, काच फुटली,
मालकानं अडतीस हजार ठेवून घेतले.
पॉलिसीत कलम नऊ आहे, भाड्याच्या वाहनाचे नुकसान,
आणि त्याच्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात :
वाहन म्हणजे रस्त्यावर चाकांनी धावणारे.

एप्रिल. विट्याच्या पुढं डांबर मऊ झालेलं.
काकूंनी तांब्याभर ताक दिलं, मग आणखी एक.
वेग किती होता?
"काटा व्हता की. म्या बघितला न्हाई."
उतार?
"रेणावीच्या घाटाएवढा. पर पांढरा."
ड्रायव्हर?
"मागं पोरगं बसलं व्हतं, मिसरूड न फुटलेलं.
पट्ट्यात काय अडकलं म्हून खाली उतरलं.
तवर मी ह्यो दाबला."
त्यांनी उजवा अंगठा पुढं केला.
स्नोमोबाईलला अंगठ्यानं पळवतात,
हे मला त्या दिवशी कळलं.

मी पेन खाली ठेवलं. हे मी कधी करतो, कधी करत नाही.
म्हटलं, काकू, ब्रेक लागलाच नाही, असं झालं असेल ना?
यंत्रातला बिघाड असेल तर ते मालकाकडं जातं,
तुमचे पैसे सुटू शकतात.
त्या बराच वेळ दारातल्या कोंबड्यांकडं बघत राहिल्या.
"मालकाकडं जातंय, मग मालक कुणाचं कापतोय?"
मी काही बोललो नाही.
"ब्रेक व्हता. चांगला व्हता.
मी दाबला न्हाई."
का?

याला रकाना नव्हता. मी तसंच विचारलं.
"आवाजच न्हवता वो कसला. इंजिनाचा व्हता, त्यो सोडून.
कुणी द्रौपदे म्हणंना, कुणी वैनी म्हणंना.
झाड दिसत व्हतं. लांब वाटलं."

जबाब वाचून दाखवला.
'निष्काळजीपणा' हा शब्द वाचताना मी खोकलो.
त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला, मान हलवली,
शाईच्या डबीत अंगठा बुडवला
आणि कागदावर इतका जोरात दाबला
की मागच्या पानावरही निळं उमटलं.

दावा नामंजूर होणार. त्यांना ठाऊक, मलाही.
अडतीस हजार म्हणजे दोन शेरडं आणि वर काही,
असा त्यांनी उंबऱ्यात उभं राहून हिशोब केला,
आणि पोराला फोनवर काय सांगायचं ते मला विचारलं.
मला सुचलं नाही.

परतीला गावाबाहेर एक उतार लागतो, फार मोठा नाही.
माझ्या गाडीला चाकं दोन, विमा चालू, हेल्मेट कंपनीचं.
समोर बाभळ होती, लांब वाटली.
पाय ब्रेकवर होता.
थोडा वेळ मी तो उचलून धरला.