प्रश्न क्रमांक सात

रेंज सापडते ती साकवावरच,
म्हणून कठड्याला टेकून
मी बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेते आहे.
खालच्या भट्टीतून आंबलेल्या बोंडूंचा वास.
व्हिडिओ पुढे ढकलला
की तो मला पहिल्यापासून बसवतो,
मी पाढे चुकलेल्यांना बसवते तसा.

पडद्यावरची बाई इस्त्रीच्या आवाजात सांगते:
खात्री नको, संशय पुरे.
पुरावा शोधणं तुमचं काम नाही.
कुणाला सांगणार नाही, असं वचन देऊ नका.

मी दिलंय.
फेब्रुवारीत, टाकीमागे,
करंगळीत करंगळी अडकवून,
चौथीतल्या एकीला,
जिला हल्ली सुट्टीची घंटा झाली
की दप्तर भरायला फार वेळ लागतो.

प्रश्न क्रमांक सात. संशय आल्यास काय कराल?
अ. मुख्याध्यापकांना सांगून थांबाल.
थांबले की. सर म्हणाले, भाटकाराचं घर, जपून.
आ. घरच्यांना बोलवाल.
मामा आला होता. हसतमुख. आंब्यांची पिशवी घेऊन.
इ. पोलिसांना किंवा हेल्पलाइनला कळवाल.

इ हिरवं झालं.
वीसपैकी एकोणीस गुण.
प्रमाणपत्रावर सुलक्षा गावसची
सुलक्षणा झाली आहे;
तिच्याकडून तसलं वचन
कुणी घेतलेलं नाही.

वाळपईची शेवटची बस गेली.
बॅटरी अकरा टक्के.
दहा, नऊ, आठ:
नंबर की उलटी मोजणी, कळत नाही.

वाजतंय.
पलीकडून कुणी कोकणीत विचारतं,
बाय, खंयच्यान उलयतात?

साकवावरून, म्हणते मी,
आणि करंगळी
कठड्याच्या गजाभोवती घट्ट धरते.