आत ओढलेला होकार

त्रेसष्ट ठिकाणं. यादी माझ्याकडे आहे.
स्टॉकहोमचं मुख्यालय, सुंड्सवालची लाकडाची गिरणी,
मग वर, आणखी वर, नकाशाची घडी संपते तिथवर
जंगलातली ठाणी. सोर्सेले. अम्मरनेस.
एका ठिकाणी तर खोली अशी नाहीच,
कॉफीचं यंत्र आहे आणि त्याच्या शेजारी एक रिकामं सॉकेट.

मी तक्ता केला. रकाने पाडले:
माणसं किती, भिंती कशाच्या, खिडकी कोणत्या दिशेला
(डिसेंबरात तिला दिशाच नसते),
स्क्रीन किती इंची, आवाज पोचायला किती मिलिसेकंद.
दीडशेच्या आत असले
तर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर पाय देत नाहीत,
असं पुस्तक म्हणतं.
पुस्तकातली माणसं कुठली, ते लिहिलेलं नाही.

टप्पा एक: आवाज. टप्पा दोन: चित्र.
टप्पा तीन: कुणीही, कुठूनही, गाडीत बसल्या बसल्यासुद्धा.
वित्त विभागाची पेर्निला एवढंच विचारते,
"विमानाची तिकिटं किती वाचतील?"
मी आकडा सांगते.
ती आकड्याकडे बघून मान डोलावते.

मला अभिमान होता गाळणीचा.
पंख्याची घरघर, करवतीची किंकाळी, कुत्रं, कीबोर्ड,
जे जे बोलणं नव्हे ते ते अडवणारी.
चाचणीत मी माइकसमोर अख्खं वर्तमानपत्र चुरगळलं,
पलीकडे पोचली निव्वळ माझी वाक्यं,
पाखडून निवडलेल्या तांदळासारखी.

मग इतिवृत्तं येऊ लागली.
उन्हाळी पाळ्यांचा बदल मान्य?
सुंड्सवाल: हो. येव्ले: हो. सोर्सेले: उत्तर नाही.
पुढच्या महिन्यात: उत्तर नाही.
तिसऱ्या वेळी कुणीतरी लिहिलं: सहकार्य नाही.
त्या दोन शब्दांना पाय फुटले,
ते चालत चालत अंदाजपत्रकात जाऊन बसले.

माइक बिघडला असेल म्हणून मी निघाले.
रात्रीची रेल्वे, मग बस,
मग तोर्ग्नी बुरस्ट्रोमची पिकअप,
मागे दोन करवती आणि एक झोपलेला कुत्रा.
"थंडी फार आहे," मी म्हटलं.
त्यानं श्वास आत ओढला. श्शुप्.
बशीतल्या कॉफीचा पहिला घोट घ्यावा तसा.
"अजून लांब आहे?"
श्शुप्.
"बैठकीला तुम्ही असता ना, दर वेळी?"
श्शुप्.

दिव्याच्या उजेडात एकेक झाड येत होतं, जात होतं.
हे मला माहीत होतं.
मी माल्मोची, आमच्याकडे यावर विनोद करतात:
उत्तरेकडचे लोक 'हो' म्हणत नाहीत, गिळतात.
विनोदात ऐकलं होतं.
यादीत धरलं नव्हतं.

तीन बैठका, सात माणसं टेबलाभोवती बसून
हुंकार भरत होती.
आपला होकार बाहेर पडतो, हवेत विरतो.
त्यांचा आत जातो आणि तिथेच राहतो.
माझ्या यंत्राला तो वारा वाटला.

"गाळणी बंद करायची," मी पेर्निलाला सांगितलं.
"खर्च?"
"शून्य."
"आणि तो कुत्रा?"
"कुत्राही येईल."

आला. भुंकलाही.
पंखा घरघरला, कुणाची तरी खुर्ची करकरली,
स्टॉकहोमच्या स्क्रीनवर दोन भुवया वर गेल्या.
सोर्सेले, मान्य?
आधी एक. मग दुसरा.
मग टेबलाच्या पार टोकाला कुणीतरी, सावकाश.
इतिवृत्त लिहिणाऱ्या यालमारनं पेन उचललं,
"हे लिहू कसं?"

मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.
तक्त्यात एक रकाना वाढवलाय फक्त,
भिंतींच्या नंतर, मिलिसेकंदांच्या आधी:
इथे हो कसं म्हणतात?
अकरा ठिकाणं भरून झाली.
अम्मरनेसला मार्चमध्ये जायचंय,
रस्ता मोकळा झाला तर.
तिकीट मी स्वतःच्या पैशांनी काढलंय.