चार अंश

समुद्र मी पाहिलेला नाही.
मिरजेत एका फ्रीजमध्ये तो राहतो,
चार अंशांवर,
बोटाएवढ्या नळ्यांत गाळ होऊन.
चावी माझ्याकडे.

कोरे मॅडम म्हणतात, दक्षिण ध्रुवाकडचे जीव हे,
घाई ठाऊक नाही त्यांना.
आपला जंतू रात्रीत काचेची बशी भरतो,
हे तीन आठवडे घेतात
टाचणीच्या डोक्याएवढं पिवळं व्हायला.

एप्रिलात लाइट गेली.
मासळी बाजारातून शौकतभाईचा बर्फ आणला,
सायकलवर, वाटभर ठिबकत.
बोंबलांचा वास नळ्यांना लागला.
मॅडम हसल्या : ओळखीचाच असेल त्यांना.

मग एकशे बाराव्या बशीत
त्या पिवळ्या ठिपक्याभोवती रिकामं कडं.
वॉर्डातल्या जखमेचा जंतू
तिथवर येऊन थांबलेला,
उंबऱ्यावरून कुणी परत फिरावं तसा.

पुण्याहून कागद आला :
रेणू जुनाच. आधीच कुणाला तरी सापडलेला.

मॅडमनी चष्मा पुसला.
ती बशी मी धुवायला टाकली नाही त्या दिवशी.
शेजारच्या गल्लीत कुणी सतार लावत होतं,
तीच तार, पुन्हा, किंचित पिळून.

एकशे तेरा, त्या म्हणाल्या.
मी फ्रीज उघडला.
पायांवर थंडी उतरली.