सातवी पेटी

शाई दारातच ठेवून यायची.
इथे फक्त पेन्सिल, धुतलेले हात
आणि खिडकीतून मिळेल तेवढा उत्तरेचा उजेड.
विकच्या बंदरावर नोव्हेंबरात तो साडेतीनलाच आवरतं घेतो.

विल्हेल्मिना ब्रेमनर. कादंबऱ्या दोन, छापली गेली एक.
तिच्या भाच्याने गाडीच्या डिकीतून आणल्या
अकरा पेट्या आणि बिस्किटांचा एक डबा.
म्हणाला, "बघा काही कामाचं निघालं तर.
ती खोली मला पाडायचीच आहे."

हस्तलिखित हिशेबाच्या वह्यांत आहे.
डाव्या पानावर मासळीचे भाव,
मिठाची पिंपं, कुणाचे किती शिलिंग देणं;
उजव्या पानावर माणसं प्रेमात पडतात.
कधी जागा संपते
आणि एखादी बाई चुंबनाच्या मधूनच
हेरिंगच्या बेरजेत शिरते.

मी गंजक्या टाचण्या काढते.
प्रत्येकीखाली तिच्याच आकाराचा तांबूस डाग,
तो काढायचा नसतो.
चौथ्या वहीच्या शिवणीत एक खवला सापडला,
नखाएवढा, अजून चमकणारा.
टॉर्क्विल म्हणाला, झटकून टाक.
मी त्याला क्रमांक दिला.

समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला
इकडच्या बोलीत 'हार' म्हणतात.
लंडनच्या संपादकाने निळ्या पेन्सिलीने
प्रत्येक हार खोडली, वर 'धुकं' लिहिलं:
सभ्य, कुठेही पडू शकेल असं धुकं.
तिने समासात लिहिलंय,
"आमच्याकडे ती पडत नाही. चालून येते."
आणि खाली, बारीक अक्षरात, "बरं."

त्या 'बरं'पाशी माझी जेवणाची सुट्टी संपली.

टंकलेखन डोलीना स्वॉन्सनचं.
दिवसा बंदर कचेरीत कारकून, रात्री पानाला दोन पेनी.
तिच्या यंत्रावरच्या 'टी'ची आडवी रेघ तुटलेली,
त्यामुळे ओळीओळीत
डोलकाठी मोडलेल्या होड्या.
बाकी वही आणि टंकलिखितात
काना-मात्रेचा फरक नाही,
पान दोनशे बारापर्यंत.

वहीत, त्यापुढे, मॅग्नस बुडतो.
तीन ओळींत, फारसं न बोलता.
टंकलिखितात तो दार ढकलून आत येतो,
बूट काढतो, विचारतो, "चहा आहे का?"

ब्रेमनरने खोडलं. "डोली, हे मी लिहिलेलं नाही."
दुसरी प्रत, पान दोनशे तेरा:
दार. बूट. चहा.
पुन्हा खोडलं, या वेळी कागद फाटला.
तिसऱ्या प्रतीत चहाबरोबर
लोण्याचा पावही आहे.

बंदराची कागदपत्रं आमच्याकडेच असतात, पलीकडच्या फडताळात.
एकोणीसशे सदतीस, फेब्रुवारीचा अहवाल:
एक होडी, पाच नावं,
चौथं स्वॉन्सन, वय एकोणीस.
अहवाल टंकलेला.
'टी' तुटका.

कचेरीत तिने ते एकदा केलं होतं, बिनचूक,
तारखेसह, तीन प्रतींत.

छापील पुस्तक वरच्या मजल्यावर आहे, हिरव्या बांधणीचं.
त्यात मॅग्नसची होडी निघते आणि प्रकरण संपतं.
पुढे त्याचं नाव कुणी घेत नाही.
फक्त एका सकाळी टेबलावर
एक कप जास्त मांडलेला आहे.
तेव्हाच्या परीक्षणाचं कात्रण सातव्या पेटीत आहे:
'लेखिकेचा असामान्य संयम.'
कात्रणाच्या कडेला कुणीतरी हसू आल्यासारखी रेघ मारलीय,
कुणी, ते अक्षरावरून कळत नाही.
रेघेला अक्षर नसतं.

सूचीच्या तक्त्यात 'लेखक' असा रकाना आहे.
त्यात एक नाव मावतं, तेही आडनाव आधी घेऊन.
मी खाली दुसरं लिहिलंय, पेन्सिलीने.
टॉर्क्विलने पाहिलं. काही बोलला नाही,
खोडरबर मात्र माझ्या टेबलावरून
उचलून घेऊन गेला.

साडेतीन वाजले. दिवा लावते.
बाहेर धक्क्याच्या टोकाचा खांब दिसेनासा झालाय,
हार येतेय.