रोजनाम्यात न आलेलं

दावा साधाच होता. भांडी बाजारातला एक बोळ,
साडेतीन फूट रुंद,
त्यातून हातगाडी न्यायची की नाही, एवढाच.
वादी मोरेश्वर गायधनी. प्रतिवादी इंदुमती कासार.
जुन्या सीबीएसजवळचं कोर्ट, दुसरा मजला,
नाशिकचा जानेवारी,
पेन्सिल धरण्याआधी मी बोटं
चहाच्या ग्लासाला लावून घ्यायचे.

बावीस वर्षं साहेब लोकांचे आवाज लिहीत आले.
लघुलिपीत जाड रेघ असते, बारीक रेघ असते,
रागासाठी वेगळी रेघ नसते.
तरी मनगटाला कळतं.
‘वादी’ म्हणताना या साहेबांचा आवाज
अर्धा श्वास थांबायचा,
आणि मग फार सभ्य व्हायचा.

गायधनींनी मुदत मागितली, मिळाली.
कागद राहिले, मिळाली.
वकील आजारी, वकील लग्नाला, वकील पुन्हा आजारी.
सात तारखा.
इंदुबाईंचा साक्षीदार निफाडहून एकदाच उशिरा पोचला,
दोनशे रुपये कॉस्ट.

बाहेरच्या बाकावर त्या वकिलाला म्हणाल्या,
‘साहेब वाईट नाहीत हो,
पण त्यांच्याशी बोलताना जरा जास्तच गोड वाजतात.
चाळीस वर्षं भांडी विकतेय मी,
टिचकी मारली की कळतं कुठे डाग दिलाय ते.’
वकील हसले. ‘अर्जात काय लिहू मग?
टिचकी मारून पाहिली?’

उलटतपासणीत कुणीतरी सहज विचारलं,
मागच्या खोलीत भाडेकरू होते का?
‘होते की. कॉलेजची पोरं. बोळातूनच जायची-यायची.’
नावं?
‘कोण लक्षात ठेवतो.’
वर पंखा बंद होता. साहेबांचं पेनही.

मधल्या सुट्टीत चेंबरमध्ये त्यांनी सांगायला घेतलं:
‘अठ्ठ्याऐंशी साली मी वादीच्या मागच्या खोलीत राहत होतो.
दोन महिन्यांचं भाडं थकलं.
परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांनी माझी वळकटी बोळात ठेवली.
वर पुस्तकं. नीट रचून.
त्याचं उट्टं माझ्या हातून निघू नये म्हणून मी आजवर...’
थांबले.
‘आणि त्या बोळातून हातगाडी जाते.
मी रोज अंग चोरून उभा राहायचो ती जाईपर्यंत.
हे पुराव्यात नाही. हे फक्त मला माहीत आहे.’

मग म्हणाले, ‘खोडा.
लिहा: व्यक्तिगत कारणास्तव हा दावा माझ्यापुढे ठेवू नये.
वर्ग होण्यासाठी मा. जिल्हा न्यायाधीशांकडे सादर.’
दोन ओळी. सही.

‘तुमच्या कधी लक्षात आलं?’
चौथ्या तारखेला, साहेब.
‘बोलला नाहीत.’
मी कार्बन सरळ करत राहिले.

व्हरांड्यात इंदुबाईंनी मलाच गाठलं.
‘म्हणजे जिंकले का हरले?’
कोर्ट बदललं. नवीन साहेब.
‘आणि गेलेल्या तारखा?’
त्यांनी पिशवीतून डबा काढला, न उघडताच परत ठेवला.
‘बरं,’ म्हणाल्या. ‘तेही वाजवून बघू.’

पुढे निकाल काय लागला, ठाऊक नाही. माझी बदली मालेगावला झाली.
ती वही नियमाप्रमाणे जमा करायला हवी होती.
खोडलेल्या रेघा अजून वाचता येतात.
भांडी बाजारात मी जात नाही,
पातेलं घ्यायचं तर शालिमारला घेते,
दुकानदार टिचकी मारून दाखवायला लागला
की म्हणते, राहू द्या.